विषय : शेजारची सीट

त्या पत्राला मी चौदा महिने उत्तर दिलं नाही. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या चौदा महिन्यांत माझी तब्येत अगदी उत्तम होती, झोप चांगली लागत होती आणि वजनही थोडं वाढलं होतं.

मी अडतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं, चुकलेलं खुणावायचं आणि मुकाट पुढच्या पानावर जायचं, असा माझा धंदा. अशा माणसाला पत्र आलं की तो आधी चुका शोधतो आणि मजकूर मागाहून वाचतो. त्या पत्रात एकही चूक नव्हती. मला संशय आला तो तिथंच. इतक्या काळजीनं कोणी पत्र लिहितं ते वाईट बातमी असली तरच.

पत्र मोटार कंपनीचं होतं. ‘आपल्या वाहनातील चालकाशेजारील आसनासमोरची एअरबॅग सदोष असण्याची शक्यता आहे. अपघातप्रसंगी ती अपेक्षेपेक्षा अधिक जोराने उघडून तिच्या डबीचे धातूचे तुकडे आसनावरील व्यक्तीच्या दिशेने उडू शकतात. हा भाग विनामूल्य बदलून देण्यात येईल. तोवर सदर आसनावर कोणासही बसवू नये. प्रवाशांनी मागील आसनाचा वापर करावा.’ सोबत पत्ता छापलेलं उत्तराचं कार्ड.

आमच्या गाडीला मागचं आसन नाही. पुढं दोन सीट आणि त्यांच्या मागे एक फट, तिच्यात छत्री मावते, तीही घडीची. ही लाल, बुटकी, छप्पर मागे दुमडणारी स्पोर्ट्‌स कार सोळा वर्षांची आहे आणि ती माझ्या नावावर असली तरी माझी नाही. ती बायकोची आहे. बायको एकतीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होती. म्हणजे एकतीस वर्षं ती शेजारच्या सीटवर बसली, पायाखाली जादा ब्रेक, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये दुसरंच कोणीतरी चालवतंय. निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिनं एका दंतवैद्याकडून ही गाडी घेतली आणि मला म्हणाली, “आता मी चालवणार, आणि शेजारी बसणारा रस्त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही.” कागदपत्रांवर सह्या करायचा तिला कंटाळा, म्हणून मालक मी.

तेव्हा पत्रातली ‘आसनावरील व्यक्ती’ म्हणजे कोण, हे ओळखायला मला फार वेळ लागला नाही.

आता रविवारचं सांगायला हवं. दर रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जातो, तिथं कॉफी पितो आणि परत येतो. ती चालवते आणि मी पुस्तक मोठ्यानं वाचतो. मला बोलता येत नाही हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानात विजेचा बल्ब मागायचा तरी मी वाक्य दोनदा मनात जुळवतो, आणि माझी पाळी येईपर्यंत ते विसरतो. पण वाचायला मला येतं. छापलेलं समोर असलं की आवाज सरळ बाहेर पडतो. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. त्यातली पहिली सदतीस मी बायकोशी साधारण ‘हो’, ‘बरं’ आणि ‘चष्मा पाहिलास का?’ एवढंच बोललो असेन. गाडी आल्यापासून आमच्यात लढाया, वादळं, विश्वासघात, काय काय बोलून झालं!

ते कार्ड भरून पाठवलं असतं तर कंपनीचा फोन आला असता, फोन हिनं घेतला असता आणि माझी सीट बंद झाली असती. मी पत्र नीट घडी करून शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं आणि ठरवलं, उद्या विचार करू.

मी अगदीच बेसावध होतो असं मात्र कोणी समजू नये. मी खबरदारी घेतली. पुस्तकं जाड निवडू लागलो. पूर्वी मी साहित्यिक गुणांवर पुस्तक निवडायचो, आता पृष्ठसंख्येवर. दोनशे पानांखालचं काही गाडीत न्यायचं नाही. कवितासंग्रह तर बादच. एका अतिशय सुंदर, हळव्या कादंबरीकडे मी महिनाभर पाहत होतो, पण तिची पानं एकशे बारा आणि बांधणी कागदी, म्हणजे संरक्षणाच्या दृष्टीनं काडीच्या उपयोगाची नाही. शेवटी मी एका दीपगृहाच्या रखवालदाराचं आत्मचरित्र धरलं. नऊशे चाळीस पानं, कापडी बांधणी, पुठ्ठा असा की त्यावर भाजी चिरावी. ते मी छातीशी उभं धरून वाचत असे. बायको एकदा म्हणाली, “डोळे तपासून घ्या. फार जवळ धरता हल्ली.”

दुसरं पत्र आलं, तेही शब्दकोशात गेलं. तिसरं रजिस्टर्ड आलं. पोस्टमननं पुढं केलेल्या कागदावर मी सही केली, कारण ‘नको’ म्हणणं मला कधीच जमलेलं नाही.

आणि मग एका मंगळवारी न्हाणीघरातला दिवा गेला. बल्ब बदलायला स्टूल चार बोटं कमी पडलं, म्हणून बायकोनं स्टुलावर शब्दकोशाचा दुसरा खंड ठेवायला घेतला.

“हे काय आहे?” ती दारात उभी राहून म्हणाली. हातात तिन्ही लिफाफे.

“पत्रं.”

“ते दिसतंय मला. मी वाचली.” आवाज इतका शांत होता की मी उठून उभा राहिलो. “चौदा महिने. चौदा महिने मी माझ्या नवऱ्याला सुतळी बाँबसमोर बसवून फिरवतेय!”

“बाँब नव्हे, डबी,” मी म्हणालो. अडतीस वर्षांची सवय, दुसरं काय.

“गप्प बसा! एकतीस वर्षांत माझ्या एकाही शिकाऊ माणसाला ओरखडा आला नाही. काय काय माणसं होती! एकानं गाडी कारंज्यात घातली, तरी कोरडा बाहेर काढला त्याला. आणि घरचा माणूस...” ती तशीच आत गेली. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत होता. भांडी सगळी सकाळीच घासून झालेली होती.

संध्याकाळी हुकूम निघाला. शेजारची सीट बंद. मला सवय लागलेली म्हणून मी चुकून बसेन, या भीतीनं तिनं सीटवर एक जाडजूड कुंडी ठेवली आणि कुंडीला पट्टा लावला. कुंडीत रबराचं झाड होतं. माझ्यापेक्षा ताठ बसायचं.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळी इमारत ‘सल्लागार’ म्हणते. आयुष्यभर त्यांनी घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले, पण बोलतात असं की धरणं यांनीच बांधली असावीत. त्यांना गाडीतलं झाड दिसलं आणि दहा मिनिटांत सगळी हकिगत त्यांनी माझ्याकडून काढून घेतली.

“अहो भाऊसाहेब, एवढंच ना?” ते म्हणाले. “फ्यूज काढायचा. एअरबॅगचा फ्यूज काढला की विषय संपला. पिशवी मेली. बसा खुशाल.”

“पण कंपनीनं म्हटलंय—”

“कंपनी असंच म्हणणार. माझ्या साडूनं केलंय. उघडा दार.”

बायको बाजारात गेली होती. मी दार उघडलं. सल्लागार डोकं खाली, पाय बाहेर अशा अवस्थेत गाडीत शिरले आणि थोड्या वेळानं त्यांनी एक बारीक निळी गोष्ट माझ्या तळहातावर ठेवली. “हा घ्या तुमचा शत्रू.” त्याच क्षणी गाडीचं छप्पर आपोआप उचललं गेलं, अर्ध्यावर आलं आणि वर्गात उत्तर येणाऱ्या मुलानं हात वर करावा तसं ताठ उभं राहिलं.

“हा नव्हता,” सल्लागार म्हणाले. त्यांनी दुसरा काढला. हॉर्न वाजायला लागला. खिडक्यांतून माणसं डोकावली. मी इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, जणू मी रंगकाम पाहायला आलोय. घाईघाईनं त्यांनी दोन्ही फ्यूज परत घातले. बहुधा एकमेकांच्या जागी. हॉर्न थांबला. छप्पर मात्र उभंच. एअरबॅगचा इशारा दाखवणारा दिवा या सगळ्या काळात मंद, प्रसन्न चेहऱ्यानं जळत होता.

इतक्यात बायको आली. तिनं छपराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

“वहिनी,” सल्लागार म्हणाले, “मी ह्यांना नको नको म्हणत होतो.”

दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायची ठरली. पुढं बायको, शेजारी झाड, डोक्यावर उभं छप्पर. मागून टॅक्सीत मी. गाडीची नवी खोड अशी निघाली की डावीकडे वळायचा दिवा लावला की हॉर्न वाजे, आणि सर्व्हिस सेंटरच्या वाटेवर डावी वळणं अकरा आहेत. टॅक्सीवाल्यानं सहा वळणं सोसली. सातव्याला म्हणाला, “त्या पुढच्या मॅडम कोणावर एवढ्या चिडल्यात?”

“माझ्यावर,” मी म्हणालो.

“मग मी जरा अंतर ठेवतो,” तो म्हणाला. समजूतदार माणूस.

सर्व्हिस सेंटर म्हणजे नुसती काच आणि गारवा. चकचकीत फरशी, सोफे असे की बसलं तर परत उठताना कोणाचा तरी हात मागावा लागेल. आमचा टोकन नंबर एकसष्ट होता आणि भिंतीवर चौदा लागला होता. बायको भिंतीवरचे रस्त्याचे नियम वाचत बसली आणि त्यातली एक चूक तिनं मला दाखवली. दोन दिवसांत आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य. मला बरं वाटलं.

काउंटरवरची मुलगी फार गोड बोलायची. तिनं नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि चेहरा दुःखी केला.

“काका, ही गाडी भंगारात गेलीय.”

“नाही हो,” मी म्हणालो. “बाहेर उभी आहे.”

“इथं तसं दिसतंय. तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. तीन पत्रांना उत्तर आलं नाही की सिस्टीम गाडी भंगारात धरते.”

“पण तुम्हाला ती खिडकीतून दिसेल. लाल. छप्पर उभं आहे.”

तिनं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. मग परत पडद्याकडे पाहिलं. आणि पडद्यावर विश्वास ठेवला. “भंगारातल्या गाडीचं जॉबकार्ड उघडत नाही, काका.”

“आणि माझ्याबद्दल काय म्हटलंय?” विचारू नये ते मी विचारलं.

ती जरा संकोचली. “‘मालक : प्रतिसादशून्य.’”

मला ते लागलं. अडतीस वर्षांत एकही मुद्रित उशिरा न देणारा मी, त्या परक्या मुलीसमोर, मागच्या रांगेतल्या पाच-सहा माणसांसमोर, प्रतिसादशून्य! बायकोनं पुढं होऊन विचारलं, “मग आता काय करायचं?”

“फाइल परत उघडायला लेखी उत्तर लागेल. मुख्य कचेरीला, रजिस्टर्ड पोस्टानं. हा फॉर्म.”

“ईमेल चालेल का?”

“ईमेल चालू गाड्यांसाठी आहे, काकू.”

फॉर्म एकाच पानाचा होता. नाव, पत्ता, गाडीचा नंबर. आणि मधोमध एक चौकट : ‘विलंबाचे कारण. मालकाच्या स्वहस्ताक्षरात.’ चौकटीत तीन ओळी आखलेल्या.

आमची अवस्था पाहून आतून फोरमन आले. पिकलेल्या मिशा, हातात फडकं. त्यांनी सिस्टीमला न विचारता बाहेर जाऊन दोन फ्यूज अदलाबदल केले, छप्पर टोपीसारखं खाली बसवलं आणि हॉर्न गप्प केला. मग सीटसमोरच्या झाकणावर बोटानं टकटक केलं.

“डबी बदलायचं काम अर्ध्या तासाचं. पण या मॉडेलच्या डब्या आता थोड्याच बनतात. उत्तरं ज्या क्रमानं आली त्या क्रमानं वाटतात, पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख धरून. महिनाअखेरीस शेवटची यादी बंद होणार, मग या मॉडेलसाठी परत बनवणार नाहीत म्हणे. आधी ते उत्तर पाठवा.” मग सहज म्हणाले, “पत्र आल्यापासून इथं कोणी बसत नव्हतं ना?”

मी हात वर केला.

फोरमन माझ्या छातीकडे बराच वेळ पाहत राहिले. डावीकडून उजवीकडे, जणू माप घेताहेत. “नशीबवान आहात,” एवढंच म्हणाले. बायकोनं खांद्यावरची पर्स दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली.

रात्रीचं जेवण झाल्यावर ती म्हणाली, “यादीत नाव नाही लागलं तर गाडी विकून टाकायची.”

“अगं, पण तुला एवढी आवडते.”

“एकटीनं फिरायला नको मला गाडी. दंतवैद्याला परत देऊ. बसू दे त्याला दोन्ही सीटवर.”

तेव्हा परिस्थिती अशी होती. महिनाअखेरीला अठरा दिवस. तीन ओळी लिहायच्या. कागद भरपूर, पेनं सात, लेखनाचा संबंध आयुष्यभराचा. आणि मला लिहिता येईना.

पहिला खर्डा मी ‘अपरिहार्य कारणास्तव’ असा सुरू केला. पण छापखान्यात मी हे शब्द इतक्या वेळा तपासलेत की मला त्यांचा अर्थ ठाऊक आहे : कारण आहे, पण सांगण्यासारखं नाही. फाडला. दुसऱ्यात आजारपण घातलं. पण मी आजारी नव्हतो, वजन वाढलं होतं. तिसऱ्यात वार्धक्य आणि विस्मरण. पण विसरणारा माणूस तिन्ही पत्रं तारीखवार लावून ठेवत नाही. खोटं बोलायला मला जमलं असतं की नाही सांगता येत नाही, कधी बोलायचीच वेळ फारशी आली नाही. पण खोटं लिहायचं म्हणजे चूक डोळ्यांसमोर ठेवून पुढं जायचं. हात आपोआप थांबायचा.

सल्लागारांनी अर्थातच मदत केली. “लिहा, पत्रं मिळालीच नाहीत.”

“तिसऱ्यावर माझी सही आहे.”

“मग म्हणा, ती सही माझी नाही.”

“मग फॉर्मवर जी करीन ती?”

“ती वेगळी करा.”

“मग मी कोण?”

“ते पुढचं पुढं,” सल्लागार म्हणाले.

मध्ये रविवार आला. बायको सकाळी किल्ली हातात घेऊन दारात घुटमळली. मी म्हणालो, “तू हो पुढं. मी बसनं येतो.” तळ्याला जाणारी बस आमच्या कोपऱ्यावरूनच सुटते. मी खिडकीपाशी बसलो. थोड्या वेळानं लाल गाडी बसच्या शेजारी आली आणि बसच्याच चालीनं चालू लागली. एवढी पळणारी गाडी, पण बसच्या मागेपुढे घरच्या गुरासारखी. माझा फोन वाजला. तिचा आवाज गाडीच्या स्पीकरफोनवरून, लांबून यायचा तसा आला.

“जहाज कुठवर आलं होतं?”

मी आजूबाजूला पाहिलं. बसमध्ये वीसेक माणसं. मी फोन कानाशी धरला, पुस्तक मांडीवर उघडलं आणि कुजबुजत वाचायला लागलो. दीपगृहातला दिवा विझला होता, वादळ सुरू होतं आणि जहाज खडकांच्या दिशेनं येत होतं.

“ऐकू येत नाही!” फोनमधून आवाज.

मी थोडा आवाज वाढवला. अर्ध्या पानानं मागच्या सीटवरच्या एक आजी पुढं वाकल्या. “जरा अजून मोठ्यानं वाचा हो. गाडीचा आवाज फार आहे.” मला घाम फुटला. पण समोर छापलेलं होतं आणि रखवालदार तेल शोधत जिना उतरत होता. त्याला तिथं सोडून कसं थांबायचं? मी वाचत राहिलो. तिकिटं फाडत कंडक्टर आला तो माझ्यापाशी थांबला.

“जहाज वाचलं का?” त्यानं विचारलं.

“कोण बोलतंय मध्ये?” फोनमधून.

“कंडक्टर,” मी म्हणालो.

“त्याला सांगा, रांगेत थांब. आधी मला.”

पुढच्या स्टॉपवर एक गृहस्थ उतरायला उठले, पायरीपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. तळ्यापाशी मी उतरलो तेव्हा जहाज अजून खडकांपासून हाकेच्या अंतरावर होतं आणि आजींनी मला परतीची बस किती वाजता धरणार ते विचारून घेतलं. बायको गाडीला टेकून हसत होती. आम्ही कॉफी प्यायलो. दिवस चांगला गेला, खोटं कशाला बोलू. पण परतताना बस शहराच्या तोंडाशी एका गल्लीत वळली आणि लाल गाडी सरळ गेली. सिग्नल लागला असेल. फोनही कट झाला. पुस्तक मांडीवर तसंच उघडं ठेवून मी बसलो. पुढचं ऐकायला कोणी नव्हतं असं नाही. आजी वाट पाहत होत्या. मलाच वाचावंसं वाटेना.

त्यानंतर आणखी आठ खर्डे झाले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी बायको माझ्या टेबलापाशी आली. फॉर्म कोरा होता. टोपली मात्र भरली होती.

“काय अडलंय?” तिनं विचारलं.

“कारण.”

“का नाही दिलं उत्तर ते तुम्हाला माहीत आहे ना?”

“आहे.”

“मग तेच लिहा. मी बसते इथं.” तिनं खुर्ची ओढली आणि माझ्या डाव्या बाजूला बसली, नवशिक्याच्या शेजारी बसायची तशी. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. एक अक्षर बोलली नाही. टेबलाखाली तिचा उजवा पाय मात्र अधूनमधून काहीतरी दाबत होता. मी चुकतोय असं तिला वाटलं की दाबत असावी.

मी लिहायला लागलो. तीन ओळी भरल्या, चौकट संपली, मी फॉर्म उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं. संपल्यावर पेनाला टोपण घातलं.

“वाचा,” ती म्हणाली.

सांगायची पाळी आली असती तर मी उठून पाणी प्यायला गेलो असतो. पण ती ‘वाचा’ म्हणाली, आणि समोर लिहिलेलं होतं. मी वाचलं.

“‘महोदय, आपली तीनही पत्रे मला वेळेवर मिळाली. उत्तर न देण्याचे कारण असे, की सदर आसनावर मी बसतो. गाडी माझी पत्नी चालवते आणि मी तिला पुस्तक वाचून दाखवतो. एरवी मला फारसे बोलता येत नाही. आसन बंद झाले तर आठवड्यातून तीन तास तिच्याशी बोलण्याची सोय बंद होईल, या भीतीने मी उत्तर टाळले. धोका माझ्यापुरताच आहे, असा माझा समज होता. आपल्या फोरमननी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी पत्नीचे हात पाहिले. समज चुकीचा होता. गाडी भंगारात गेलेली नाही. कृपया डबी पाठवावी. आपला विश्वासू.’”

बायको भिंतीकडेच पाहत होती. मग नाक ओढून म्हणाली, “एक चूक आहे.”

“कुठं?” मी कागद जवळ ओढला.

“तीन तास नाही. साडेतीन.”

“तळ्यापर्यंत दीड. येताना दीड.”

“जाताना दीड. येताना मी जुन्या पुलावरून वळसा घालून आणते. पहिल्या रविवारपासून. पाच वर्षं झाली, तुमच्या लक्षातच आलं नाही?”

“मी वाचत होतो,” मी म्हणालो.

“तेच,” ती म्हणाली. “करा दुरुस्त.”

मी ‘तीन’वर रेघ मारली, समासात खूण केली आणि तिथं ‘साडेतीन’ लिहिलं. पोस्ट पाचला बंद होतं आणि साडेचार वाजले होते. आम्ही चालत निघालो, कारण दोघांनी मिळून जायचं तर आमच्याकडे तूर्त तेवढंच वाहन आहे. जिन्यात सल्लागार भेटले. “काय लिहिलंत शेवटी?” त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, “खासगी आहे,” आणि सल्लागार आयुष्यात प्रथमच सल्ला न देता बाजूला झाले.

पोस्टात रांगेत आमच्यापुढं एकच माणूस होता. पाकिटावर मी पत्ता घातला आणि दोनदा तपासला. मनात आलं, एकदा परत उघडून बघावं, ‘विश्वासू’ बरोबर पडलाय ना. बायकोनं पाकीट माझ्या हातातून काढून जाळीखालून आत सरकवलं.

खिडकीमागच्या माणसानं ते वजनाला लावलं. “कधी पोचेल?” तिनं विचारलं.

“तीन-चार दिवस लागतील हो, बाई. आजची तारीख लागते शिक्क्यावर, चालेल ना?”

“चालेल,” ती म्हणाली. “चौदा महिने थांबलेत ते.”

त्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं, काही समजलं नसावं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.